अबू बक्र राझी : पदार्थांची पारख आणि साक्षीची अमानत

सूरह रहमानच्या आरंभी अल्लाहने आकाशाच्या उंचीचा उल्लेख केला आणि त्याला जोडूनच तराजूचा. मापात खोट करू नये, ही आज्ञा तेथेच आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये आणखी एक ताकीद आहे : ज्या गोष्टीचे आपल्याला ज्ञान नाही, तिच्या मागे जाऊ नये, कान, डोळे आणि हृदय या सर्वांचा जाब द्यावा लागणार आहे. पहिली आज्ञा बाजारातल्या मापाइतकीच प्रयोगशाळेतल्या मापालाही लागू पडते. दुसरी आज्ञा पूर्वजांचा गौरव सांगणाऱ्या जिभेलाही लागू पडते. अबू बक्र राझी यांचे चरित्र वाचताना या दोन्ही आज्ञा समोर ठेवाव्या लागतात.

कोणते राझी?

इराणमधील रय या प्राचीन शहराच्या रहिवाशाला अरबीत राझी म्हणतात. त्यामुळे या नावाचे अनेक विद्वान इतिहासात आढळतात. आपल्या मदरशांमध्ये ज्यांची कुरआनवरील विस्तृत तफसीर आदराने वाचली जाते, ते इमाम फखरुद्दीन राझी वेगळे. त्यांचे निधन ६०६ हिजरीत झाले. आपण ज्यांच्याविषयी वाचणार आहोत, ते त्यांच्या सुमारे तीन शतके आधीचे हकीम अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी. अबू रैहान अल-बैरूनी या विद्वानाने पुढे त्यांच्या ग्रंथांची यादी तयार केली. तिच्यात त्यांचा जन्म १ शाबान २५१ हिजरी (इ.स. ८६५) असा नोंदवला आहे आणि त्यांच्या १८४ लेखनकृती दिल्या आहेत. रयचे अवशेष आजच्या तेहरानलगत आहेत.

तरुणपणी ते ऊद हे वाद्य वाजवीत, असे चरित्रकार सांगतात. पुढे ते कीमियाकडे वळले. भट्टीची आच आणि तीव्र वाफा यांमुळे त्यांचे डोळे बिघडले आणि त्यावरील उपचारांच्या निमित्ताने ते वैद्यकाकडे आले, असे बैरूनी नोंदवतात. प्रथम रयच्या आणि नंतर बगदादच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

इब्न नदीम यांनी आपल्या ग्रंथसूचीत त्यांच्या दवाखान्याचे चित्र दिले आहे. राझी मध्यभागी बसत. त्यांच्याभोवती ज्येष्ठ शिष्य, त्यांच्यामागे कनिष्ठ शिष्य, अशी वर्तुळे असत. आलेला रुग्ण प्रथम बाहेरच्या वर्तुळाला आपले दुखणे सांगे. त्यांना उलगडा झाला नाही, तर तो आतील वर्तुळाकडे जाई, आणि तेथेही प्रश्न सुटला नाही, तर स्वतः राझी बोलत. गोरगरिबांशी ते अतिशय दयाळूपणे वागत, त्यांची शुश्रूषा करत आणि त्यांना आर्थिक मदतही देत. ज्याच्या जवळपास हकीम नाही, अशा माणसासाठी त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले आणि त्यात सहज मिळणाऱ्या वस्तूंचे उपचार सांगितले.

कोड्यांऐवजी कृती

त्या काळी कीमिया ही गूढ विद्या समजली जाई. हलक्या धातूचे सोने करता येईल, या आशेने अनेकजण भट्टीपाशी बसत. जे हाती लागे ते कोड्यांच्या भाषेत लिहीत, म्हणजे परक्याला कळू नये. धातू पालटतो यावर राझी यांचाही विश्वास होता. अल-किंदी यांनी ही कल्पना खोडून काढली, तेव्हा राझी यांनी त्यांच्याविरुद्ध लिहिलेही. पुढे इब्न सीना यांनीही धातुपरिवर्तन नाकारले. या वादात राझी यांची बाजू टिकली नाही. रासायनिक क्रियेने तांब्याचे सोने होत नाही, हे आज निर्विवाद आहे.

तरीही त्यांचे काम टिकले, आणि त्याचे कारण त्यांच्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे. बुखाऱ्याच्या एका शिष्याच्या विनंतीवरून त्यांनी 'किताबुल असरार' हा ग्रंथ लिहिला. नावात रहस्ये असली, तरी आत रहस्य फारसे नाही. ग्रंथाचे तीन भाग आहेत : पदार्थ, उपकरणे आणि कृती. उपकरणांमध्ये भट्टी, भाता, मूस, चिमटा, पळी, हातोडा, कात्री, कानस आणि ऊर्ध्वपातनाची भांडी यांची नोंद आहे. कृतींमध्ये किती वजन घ्यावे, किती पाणी घालावे, किती दिवस ठेवावे आणि कधी गाळावे, हे सांगितलेले असते. एकाने केलेली कृती दुसऱ्याला करून पाहता यावी, हीच प्रयोगाची पहिली अट आहे.

पदार्थांचे त्यांनी तीन मोठे वर्ग केले : खनिज, वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य. खनिजांचे पुन्हा सहा गट पाडले. तापवल्यावर उडून जाणारे पदार्थ म्हणजे पारा, गंधक, नवसागर आणि हरताळ-मनशीळ. यांना ते रूह म्हणत. सोने, चांदी, तांबे, लोखंड यांसारखे वितळणारे धातू हा दुसरा गट. त्यानंतर दगड, मग हिराकस आणि तुरटी ज्यात येतात तो जाजांचा गट, मग टांकणखारासारखे बोरक, आणि शेवटी क्षार. ही नावे मराठी घराला परकी नाहीत. नवसागर हे फार्सी नौशादरचेच रूप आहे, आणि टांकणखार व अरबी-फार्सी तिनकार ही एकाच कुळातील नावे आहेत. आगीत आणि पाण्यात पदार्थ कसा वागतो, हे पाहून त्याची जागा ठरवायची, ही या वर्गीकरणामागची दृष्टी होती.

राखेतला क्षार

राझी यांच्या क्षारांच्या यादीत 'किली' आहे. पाठ्यपुस्तकातील अल्क आणि इंग्रजीतील अल्कली या शब्दांच्या मुळाशी हाच 'अल-किली' आहे. खारवट जमिनीत उगवणाऱ्या उश्नानसारख्या वनस्पती जाळून त्यांच्या राखेपासून तो मिळवीत. आजच्या भाषेत त्यातील मुख्य पदार्थ सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. आपल्याकडचा सज्जीखार त्याच जातीचा.

उश्नानचे नाव रसायनशास्त्राच्या ग्रंथांपुरतेच नाही. हनफी फिकहच्या 'मुख्तसर अल-कुदूरी'मध्ये तहारतच्या प्रकरणात असे सांगितले आहे की, पाण्यात उश्नान, साबण किंवा केशर यांसारखी पाक वस्तू मिसळून त्याचा एखादा गुण बदलला, तरी त्या पाण्याने तहारत होऊ शकते. इमाम कुदूरी यांचे निधन बगदादला ४२८ हिजरीत झाले. ज्या वनस्पतीच्या राखेवर राझी भट्टीपाशी काम करत होते, तिचाच विचार शतकभराने फकीह वजूच्या पाण्यासंदर्भात करत होते. स्वच्छतेला ईमानशी जोडणाऱ्या समाजात क्षाराचे ज्ञान अशा रीतीने दैनंदिन व्यवहाराचा भाग होते.

या किलीपासून अधिक तीव्र द्रावण करण्याची कृती राझी यांनी दिली आहे. भाजलेली किली आणि न विझवलेला चुना समभाग घ्यावा, चौपट पाणी घालून तीन दिवस ठेवावे, मग गाळावे. गाळलेल्या पाण्यात त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकी किली व चुना पुन्हा घालावा, आणि असे सात वेळा करावे. शेवटी त्यात निम्मे नवसागराचे द्रावण मिसळावे. असे तयार झालेले 'तीक्ष्ण जल' त्यांनी सर्वांत प्रखर मानले.

यात नेमके काय घडते, हे आज सांगता येते. चुना पाण्यात विरतो आणि सोड्यातील कार्बोनेट त्याच्याशी संयोग पावून खडूसारखा न विरघळणारा गाळ होतो. तो गाळण्यात वेगळा पडतो. पाण्यात उरतो तो कॉस्टिक सोडा. पुन्हा पुन्हा भर घातल्याने द्रावण अधिक तीव्र होते, आणि नवसागर मिसळताच अमोनिया वायूचा झणझणीत दर्प सुटतो. राझी यांच्याजवळ यातील एकही सूत्र नव्हते. अचूक कृती मात्र होती.

आंबट आणि खारट यांचे माप

आम्लाची ओळख माणसाला सर्वप्रथम सिरक्यातून झाली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सिरक्याची चांगले तोंडीलावणे म्हणून प्रशंसा केल्याचे हदीसमध्ये आले आहे. शराब आपोआप आंबून तिचा सिरका झाला, तर तो पाक व हलाल ठरतो, यावर फुकहांचे एकमत आहे. हवेतील ऑक्सिजन आणि जिवाणू यांमुळे मद्यार्काचे अॅसेटिक आम्ल होते. द्रव्य पालटते, म्हणून हुकूमही पालटतो.

सिरका, लिंबू आणि चिंच यांची आम्ले पाण्यात हायड्रोजनचे आयन सोडतात. चुना आणि कॉस्टिक सोडा यांसारखी आम्लारी हायड्रॉक्साइडचे आयन सोडतात. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क म्हणतात. आम्ल चवीला आंबट असते. अल्क तुरट-कडवट असतो आणि बोटांना बुळबुळीत लागतो. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली, तर एकमेकांची तीव्रता नाहीशी करतात आणि क्षार व पाणी तयार होते. याला उदासिनीकरण म्हणतात. सोड्यावर लिंबू पिळले की येणारा फेस हा याच क्रियेत सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो.

ही तीव्रता मोजण्याच्या एककाला मराठीत सामू आणि इंग्रजीत पीएच म्हणतात. हे माप साधारणपणे ० ते १४ असे असते. शुद्ध पाण्याचा सामू ७, म्हणजे ते उदासीन. त्याहून कमी सामू आम्लाचा, अधिक सामू अल्काचा. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, सिरक्याचा २.५ ते ३, खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा ८ च्या थोडा वर, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या जवळ आणि चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर असतो. येथे एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक; सामू ३ असलेले द्रावण सामू ५ असलेल्या द्रावणापेक्षा शंभरपट आम्लधर्मी असते. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातच राहतो, आणि त्याच शरीरातील जठररस मात्र लिंबाइतका किंवा त्याहूनही आंबट असतो. सूरह रहमानमधील तराजूचा अर्थ शोधणाऱ्याला आपल्या देहात इतके जवळचे उदाहरण मिळते.

याचा पडताळा मुलांना घरीही पाहता येईल. कपड्यावरील हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. हळद येथे दर्शकाचे काम करते. मात्र अनोळखी द्रव कधीही चाखून पाहू नये, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि शौचालय धुण्याचे अॅसिड व ब्लीच कदापि एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. भट्टीच्या वाफांनी ज्यांचे डोळे बिघडले, त्यांच्या चरित्रातून एवढी सावधगिरी तरी घ्यायलाच हवी.

जे त्यांचे नाही, ते त्यांच्या नावावर नको

आपल्या सभांमधून आणि पुस्तिकांमधून अनेकदा ऐकू येते की, गंधकाम्ल राझी यांनी शोधले आणि नत्राम्ल व सोने विरघळवणारे अम्लराज जाबिर बिन हय्यान यांनी. राझी यांनी जाज म्हणजे हिराकसासारखे पदार्थ तापवून त्यांवर काम केले, हे खरे. आणि हिराकस तीव्र तापवल्यास गंधकाम्ल मिळू शकते, हेही खरे. परंतु गंधकाम्ल वेगळे करून ओळखल्याचे वर्णन त्यांच्या ग्रंथात स्पष्टपणे मिळत नाही. जाबिर यांच्या नावावरील प्रचंड साहित्यापैकी बरेचसे नंतरच्या लेखकांचे आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. खनिज आम्ले करण्याच्या स्पष्ट कृती लॅटिन ग्रंथांत सुमारे तेराव्या-चौदाव्या शतकात दिसतात. त्यांपैकी काही ग्रंथ जाबिर यांच्याच नावाने युरोपात लिहिले गेले.

पुढची वाटचाल इतरांची आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉईल यांनी वनस्पतींच्या रंगांवरून आम्ल व अल्क ओळखण्याची पद्धत मांडली. एकोणिसाव्या शतकात स्वीडनच्या अर्‍हेनियस यांनी आयनांचा सिद्धान्त दिला. १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी सामूचे माप सुचवले. ज्ञानाच्या या साखळीत राझी यांची कडी भक्कम आहे. तिला चमकवण्यासाठी दुसऱ्याच्या कडीवर त्यांचे नाव कोरण्याची गरज नाही. इस्लाममध्ये साक्ष ही अमानत आहे, आणि पूर्वजांच्या बाजूने दिलेली अवाजवी साक्षसुद्धा अवाजवीच असते. शिवाय तिचे मोल आपल्या मुलांना चुकवावे लागते : घरी ऐकलेला एक दावा महाविद्यालयात खोटा ठरला, की खऱ्या दाव्यांवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

आणखी एक कथा याच जातीची आहे. बगदादमध्ये रुग्णालयाची जागा ठरवण्यासाठी राझी यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जेथे मांस सर्वांत उशिरा सडले, ती जागा निवडली, असे सांगतात. कथा सुंदर आहे. पण ती ज्या अजुदी रुग्णालयाशी जोडली जाते, ते राझी यांच्या निधनानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने उभे राहिले. हा कालविपर्यास सातव्या हिजरी शतकातील चरित्रकार इब्न अबी उसैबिआ यांनीच दाखवून दिला होता. राझी यांच्या गौरवाची कथा नोंदवतानाच तिच्यातील विसंगती उघड करणारा हा चरित्रकार आपल्यासाठी आदर्श आहे.

पारख करणारा हकीम

खऱ्या गोष्टी कमी नाहीत. देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग कसे ओळखावेत, यावर राझी यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तिची पुढे लॅटिन, इंग्रजी आणि इतर भाषांत भाषांतरे झाली. मेंदूच्या एका गंभीर ज्वरात रक्त काढण्याने लाभ होतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी काही रुग्णांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, अशी त्यांची टिपण आहे. रक्त काढण्याच्या उपचाराबद्दलचे त्यांचे मत आज मान्य होणार नाही. पण दोन गटांची तुलना करण्याची कल्पना आजही वैद्यकीय चाचणीचा पाया आहे. पाऱ्याचा परिणाम त्यांनी माकडावर पाहिला, आणि साधा पारा व प्रक्रिया केलेला विषारी पारा यांत फरक केला. जालीनूस यांना गुरू मानूनही त्यांच्या चुका दाखवणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. आदर आणि चिकित्सा एकाच मनात नांदू शकतात, हे त्यातून दिसते.

त्यांची तत्त्वज्ञानातील काही मते मात्र इस्लामच्या शिकवणुकीत बसत नव्हती. अल्लाहबरोबर आत्मा, द्रव्य, अवकाश आणि काळ हेही अनादी आहेत, अशी मांडणी त्यांच्या नावावर आहे. नुबुव्वतविषयी त्यांना जी मते चिकटवली जातात, ती मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लेखनातून आपल्यापर्यंत आली आहेत. मुस्लिम विद्वानांनी ही मते नाकारली. बैरूनी यांनीही त्यांच्यावर टीका केली आणि त्याच लेखणीने त्यांच्या ग्रंथांची यादीही केली. शतकानुशतके मुस्लिम हकिमांनी त्यांच्या वैद्यकाचा लाभ घेतला. श्रद्धेच्या बाबतीत कुरआन आणि सुन्नत हा निकष, आणि औषधाच्या बाबतीत अनुभव हा निकष. दोन तराजू त्यांनी एकमेकांत मिसळले नाहीत.

अखेरचा काळ आणि वारसा

आपल्या जीवनपद्धतीवरील छोट्या ग्रंथात राझी यांनी लिहिले आहे की, एका मोठ्या संकलनावर त्यांनी पंधरा वर्षे रात्रंदिवस काम केले. त्यात त्यांची दृष्टी मंदावली आणि हाताचे स्नायू निकामी झाले. तरी ते इतरांकडून वाचून घेत आणि लिहवून घेत. अखेरीस ते पूर्ण अंध झाले. ५ शाबान ३१३ हिजरी (इ.स. ९२५) रोजी रय येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर शिष्यांनी टिपणे जुळवून तयार केलेला 'अल-हावी' हा महाग्रंथ १२७९ मध्ये लॅटिनमध्ये उतरला. मूळ अरबी ग्रंथ छापण्याचे मोठे काम १९५५ पासून हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ संस्थेने हाती घेतले. त्यांच्या रसायनशास्त्राचा एक महत्त्वाचा अभ्यास १९२७ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला, आणि त्याच्या लेखकांत हिदायत हुसेन हे भारतीय विद्वान होते. दख्खन आणि बंगालच्या मुस्लिम विद्वानांनी हा वारसा केवळ भाषणांतून मिरवला नाही. हस्तलिखिते वाचून, पाठ जुळवून तो जपला.

आपल्या मुलामुलींच्या विज्ञानाच्या पुस्तकात अल्क आणि सामू हे शब्द येतील, तेव्हा त्यांना राझी यांचे नाव अवश्य सांगावे. त्याबरोबर हेही सांगावे की, अल्लाहने निर्माण केलेल्या पदार्थांचे गुण त्यांनी स्वतः तपासले, माप लिहून ठेवले आणि गुपित शिष्यापुढे उघडे केले. काही बाबतींत त्यांनी चूकही केली. अल्लाह आपल्याला मापात सच्चे, साक्षीत प्रामाणिक आणि उपयुक्त ज्ञानाचे धनी करो. आमीन.